सत्यनिष्ठ इतिहासाचार्य : सर जदुनाथ सरकार

मराठ्यांच्या इतिहासाची सेवा करणाऱ्या विद्वानांची आठवण निघाली की राजवाडे, साने, खरे, पारसनीस, सरदेसाई ही नावे आपल्या ओठांवर येतात. या पंक्तीत एका बंगाली प्राध्यापकाचेही पान मानाने मांडलेले आहे, हे मात्र आपण सहसा विसरतो. सर जदुनाथ सरकार हे ते प्राध्यापक. त्यांचा जन्म बंगालमधला, अध्यापनाची बहुतेक वर्षे बिहार आणि ओरिसात गेली आणि अखेरचा श्वास त्यांनी कलकत्त्यात घेतला. परंतु आयुष्यातील पन्नासहून अधिक वर्षे त्यांचे मन सह्याद्रीच्या गडकोटांभोवती घोटाळत राहिले. महाराष्ट्रावर इतके प्रेम करणारे परप्रांतीय विद्वान थोडे, आणि महाराष्ट्राचा इतका रोष ओढवून घेणारेही थोडेच. या प्रेमाचे आणि या रोषाचे मूळ मात्र एकच होते. गतकाळाविषयी लिहिताना आपल्याला काय आवडते हे न पाहता पुरावा काय सांगतो हे पाहावे, असे ते मानत आणि त्याप्रमाणे वागतही. आपल्या पूर्वजांचा इतिहास अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येक समाजाने या माणसाचे जीवन एकदा समजून घेण्याजोगे आहे.

जन्म, शिक्षण आणि अध्यापन

जदुनाथांचा जन्म १० डिसेंबर १८७० रोजी राजशाही जिल्ह्यातील करचमारिया या गावी झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील राजकुमार सरकार हे जमीनदार होते, पण त्यांचा जीव जमिनीपेक्षा ग्रंथांत अधिक रमे. घरात मोठा ग्रंथसंग्रह होता आणि वाचनाचा, त्यातही इतिहासाच्या वाचनाचा संस्कार जदुनाथांवर तेथेच झाला. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १८९२ मध्ये इंग्रजी साहित्य घेऊन ते एम.ए. झाले. परीक्षेत ते पहिल्या वर्गात पहिले आले होते. १८९३ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या रिपन कॉलेजात अध्यापनाला आरंभ केला आणि १८९७ मध्ये विद्यापीठाची मानाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळवली. ही शिष्यवृत्ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या देणगीतून सुरू झालेली होती, हा एक सुखद योगायोग म्हणावा लागेल.

१८९८ मध्ये ते सरकारी शिक्षणखात्यात शिरले आणि लवकरच त्यांची नेमणूक पाटणा कॉलेजात झाली. मधला अल्प काळ सोडला तर १९१७ पर्यंत पाटणा हीच त्यांची कर्मभूमी होती. त्यानंतर दोन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात, मग कटकच्या रेव्हन्शॉ कॉलेजात आणि शेवटी पुन्हा पाटण्यास अध्यापन करून ते १९२६ मध्ये निवृत्त झाले. आरंभी ते इंग्रजीचे प्राध्यापक होते; इतिहासाकडे ते पुढे वळले. शुद्ध, बांधेसूद इंग्रजी गद्य ही त्यांच्या ग्रंथांची खूण मानली जाते, तिचे रहस्य या साहित्याच्या अभ्यासात असावे.

पाटण्याला जाणे हे त्यांच्या भाग्याचे ठरले. तेथे खुदाबक्ष खान या थोर ग्रंथप्रेमी वकिलाने आपला फारसी व अरबी हस्तलिखितांचा अनमोल संग्रह १८९१ मध्ये लोकांसाठी खुला केला होता. मोगलकाळाचा अभ्यास करणाऱ्या तरुण प्राध्यापकाला याहून मोठा ठेवा कोणता हवा? तेथे बसून ते फारसी कागद वाचू लागले. १९०१ मध्ये औरंगजेबकालीन भारताचा भूगोल, महसुलाचे आकडे आणि रस्ते यांविषयीचे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. लढाया आणि राजे यांच्याआधी त्यांनी वाटा, नद्या आणि महसूल यांचा अभ्यास केला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

साधनांचा शोध

जदुनाथांच्या आधी मोगलांचा इतिहास बहुतांशी दरबारी तवारिखांच्या आधारे लिहिला जाई. तवारीख लिहिणारा हा बादशहाचा नोकर. धन्याला जे रुचेल तेच तो लिहिणार. जदुनाथांनी त्यापलीकडे जाऊन पत्रे, आज्ञापत्रे आणि अखबार गोळा करण्यास आरंभ केला. अखबार म्हणजे दरबारात रोज काय घडले याची वार्तापत्रे. रजपूत राजांचे वकील ती आपापल्या धन्याकडे धाडत असत. हे कागद जयपूरच्या दप्तरात पडून होते. काही हस्तलिखिते लंडन आणि युरोपातील इतर ग्रंथालयांत होती. त्यांच्या छायाप्रती जदुनाथांनी आपल्या पगारातून पैसे खर्चून मागवल्या. ना संस्थेचा आश्रय, ना सरकारचे अनुदान. महिन्याच्या वेतनातून वाचवलेल्या पैशांवर एक अभ्यासिका उभी राहिली.

या कामी त्यांना विल्यम अर्विन या निवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचे मोठे साहाय्य झाले. अर्विन यांनी निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाच्या विस्तृत आठवणी इंग्रजीत आणल्या होत्या. हा मनुची जन्माने कॅथलिक. मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत असताना त्याची शिवाजी महाराजांशी भेट झाली होती. १९११ मध्ये अर्विन यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा उत्तरकालीन मोगलांवरील अपुरा ग्रंथ जदुनाथांनी संपादून १९२२ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. दुसऱ्याचे अपुरे काम आपल्या कामाआधी उरकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

कागदांवरच विसंबून न राहता ते प्रत्यक्ष स्थळे पाहण्यास जात. लढाई कोठे झाली, नदीला उतार कोठे आहे, घाट चढण्यास किती वेळ लागतो, हे पाहिल्याशिवाय मोहिमेचे वर्णन लिहू नये असा त्यांचा दंडक होता. यासाठी ते महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा आले आणि गड चढले.

या सर्व परिश्रमांतून 'औरंगजेबाचा इतिहास' हा पाच खंडांचा ग्रंथ १९१२ ते १९२४ या काळात सिद्ध झाला. त्यानंतर १९३२ ते १९५० या अठरा वर्षांत 'मोगल साम्राज्याचा ऱ्हास' हा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात १७३९ च्या नादिरशहाच्या स्वारीपासून १८०३ पर्यंतचा काळ येतो. शेवटचा खंड हातावेगळा झाला तेव्हा लेखकाचे वय ऐंशीच्या घरात होते.

शिवचरित्र आणि महाराष्ट्राचा रोष

१९१९ मध्ये 'शिवाजी अँड हिज टाइम्स' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. तो काळ राष्ट्रीय जागृतीचा होता. शिवछत्रपती हे केवळ इतिहासपुरुष राहिले नव्हते, ते स्वातंत्र्याच्या आकांक्षेचे प्रतीक झाले होते. अशा वेळी एक परप्रांतीय, तोही सरकारी नोकर, त्यांच्या चरित्राची पुराव्यानिशी छाननी करू लागला, हे अनेकांना रुचले नाही.

जदुनाथांनी उशिरा रचलेल्या बखरींतील पुष्कळ कथा अविश्वसनीय म्हणून बाजूला सारल्या. जुन्या बखरींपैकी सभासदाच्या बखरीला त्यांनी मान दिला, मात्र तिचीही इतर साधनांशी ताडून परीक्षा केली. जावळीच्या मोऱ्यांचा काटा ज्या रीतीने काढण्यात आला, तिचे समर्थन करण्यास त्यांनी नकार दिला आणि तो ठरवून केलेला खून होता असे स्पष्ट लिहिले. पुण्यातील अनेक विद्वानांना हे झोंबले. जदुनाथ फारसी व इंग्रजी कागदांवर अधिक भिस्त ठेवतात आणि मराठी साधनांना कमी लेखतात, असा त्यांच्यावर आक्षेप आला. या आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. मराठी कागदांचे भांडार तेव्हा नुकतेच उघडू लागले होते आणि मोडी लिपीतील कागद वाचण्यासाठी जदुनाथांना इतरांवर अवलंबून राहावे लागे. नवी साधने उजेडात येत गेली तशी त्यांनी आपल्या ग्रंथाची पुन्हा पुन्हा दुरुस्ती केली.

पण त्याच ग्रंथात अफजलखानाच्या वधाचे प्रकरण पाहा. परकीय लेखकांनी या प्रसंगी महाराजांवर विश्वासघाताचा ठपका ठेवला होता. जदुनाथांनी राजापूरच्या इंग्रज वखारीतील त्याच वर्षीच्या, म्हणजे १६५९ च्या पत्राचा आधार घेतला. मैत्रीचे सोंग करून शिवाजीला पकडावे अशी सूचना खानाला विजापूर दरबारातून मिळाली होती, असे त्या पत्रात नमूद आहे. सर्व पुरावा तोलून पहिला वार खानाने केला आणि महाराजांनी आत्मरक्षण केले, असा निर्वाळा जदुनाथांनी दिला. जावळीविषयी कठोर लिहिणारी लेखणीच प्रतापगडाविषयी महाराजांना निर्दोष ठरवते. दोन्ही ठिकाणी तराजू एकच आहे.

शत्रूच्या साक्षीचे मोल कसे ओळखावे याचेही उत्तम उदाहरण या ग्रंथात मिळते. खाफीखान हा मोगलांचा इतिहासकार. महाराजांविषयी त्याच्या मनात द्वेषच होता आणि तो त्याने लपवलेला नाही. तरीही महाराज मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव देऊ देत नसत, अशी ग्वाही त्याने दिली आहे. मित्राने केलेल्या स्तुतीपेक्षा शत्रूने नाइलाजाने दिलेली ही कबुली जदुनाथांना अधिक मोलाची वाटली.

आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल असा प्रसंग १६६४ च्या जानेवारीतील सुरतेच्या लुटीचा आहे. त्या वेळी सुरतेत कपुचिन संघाचे फादर अँब्रोज राहत होते. फिरंगी पाद्री हे सज्जन लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नये, अशी आज्ञा महाराजांनी दिली आणि त्यांचे घर वाचले, असे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले आहे. जदुनाथांनी ही हकीकत आदराने दिली. पण त्याच लुटीत धन दडवल्याच्या संशयावरून माणसांचे हात व मस्तके कशी तोडली गेली, हे मराठ्यांच्या कैदेतून सुटलेल्या अँथनी स्मिथ या इंग्रजाने सांगितले होते. तीही हकीकत त्यांनी गाळली नाही. ख्रिस्ती वाचकाने पहिली गोष्ट तेवढी लक्षात ठेवावी आणि टीकाकाराने दुसरी तेवढी उचलावी, असे सहज होऊ शकते. जदुनाथांच्या पुस्तकात मात्र दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात नांदतात. वाचकाने दोन्ही वाचाव्यात आणि मगच मत बनवावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

या छाननीच्या अखेरीस शिवछत्रपतींची प्रतिमा लहान झाली का? मुळीच नाही. हिंदू समाजाने निर्माण केलेला शेवटचा थोर रचनाकार, शून्यातून राज्य उभारणारा, सर्व पंथांना आश्रय देणारा राजा, असा गौरव जदुनाथांनी केला. छाननीच्या मुशीतून तावून सुलाखून निघालेला हा गौरव आहे, म्हणूनच तो महाराष्ट्राबाहेरच्या विद्वानांनाही मान्य करावा लागला.

कामशेतचा मित्र

ज्या महाराष्ट्रात जदुनाथांचे टीकाकार होते, त्याच महाराष्ट्रात त्यांना जन्माचा मित्रही लाभला. गोविंद सखाराम सरदेसाई हे बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. 'मराठी रियासत' लिहून ते रियासतकार म्हणून प्रसिद्धीस आले. १९०४ च्या सुमारास दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो अर्धशतक अखंड चालला. जदुनाथांना मराठीत अडले की सरदेसाई धावून येत. सरदेसाईंना फारसीत अडले की जदुनाथ. कोणत्या तारखेस कोण कोठे होता, अमुक गाव कोणत्या परगण्यात येते, अशा बारीकसारीक प्रश्नांनी ही पत्रे भरलेली असत. तीत एकमेकांच्या चुका दाखवण्यात संकोच नव्हता आणि त्या मान्य करण्यात लाजही नव्हती.

सरदेसाई १९२५ मध्ये निवृत्त झाले आणि पुणे-लोणावळा मार्गावर इंद्रायणीकाठी कामशेत येथे राहू लागले. जदुनाथ तेथे अनेकदा येऊन राहिले. एक बंगाली, एक मराठी. एक फारसीचा पंडित, दुसरा मोडीचा. त्या लहानशा गावातील घरात या दोन वृद्धांनी मराठ्यांच्या इतिहासाचे केवढे तरी काम उरकले. उतारवयात सरदेसाईंनी तीन खंडांत इंग्रजीतून मराठ्यांचा नवा इतिहास लिहिला, तोही जदुनाथांच्या प्रोत्साहनाने.

दुःखानेही त्यांना जवळ आणले. सरदेसाईंचे पुत्र त्यांच्या हयातीतच गेले. त्यांपैकी श्यामकांत हा शांतिनिकेतनात शिकलेला गुणी तरुण होता. फाळणीच्या सुमारास कलकत्त्यात उसळलेल्या दंगलींत जदुनाथांचा ज्येष्ठ पुत्र मारला गेला. अशा आघातानंतरही जदुनाथांनी लेखणी खाली ठेवली नाही. धर्माच्या नावाने झालेल्या रक्तपातात पुत्र गमावलेला पिता त्यानंतरही मोगल साम्राज्याच्या अखेरच्या पर्वाचे कागद त्याच शांतपणे तपासत राहिला, ही गोष्ट त्यांच्या ग्रंथांइतकीच बोलकी आहे.

पेशवे दप्तराचे दार

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. हजारो रुमालांत बांधलेले हे मोडी कागद पुण्यात सरकारी देखरेखीखाली पडून होते. अभ्यासकांना ते सहजासहजी पाहावयास मिळत नसत. या दप्तराचे दार उघडावे म्हणून जदुनाथांनी आपले सरकारदरबारी असलेले वजन खर्ची घातले. अखेर मुंबई सरकारने निवडक कागद छापण्याचे काम सरदेसाईंकडे सोपवले आणि १९३० ते १९३४ या अल्प काळात त्याचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. पुढे पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे खंडही या दोघांच्या देखरेखीखाली निघू लागले. महादजी शिंद्यांविषयीचा पहिला खंड जदुनाथांनी स्वतः १९३६ मध्ये संपादला.

या कामावरही वाद झाला. आपल्या भूमीतील कागद आपल्या मंडळींच्या हाती न देता सरकारने बाहेरच्या माणसाच्या सल्ल्याने काम करावे, याबद्दल पुण्यातील संशोधकांनी नापसंती दर्शवली. त्यांची तळमळ खोटी नव्हती. राजवाड्यांनी दारोदार हिंडून, उपाशीतापाशी राहून कागद जमवले होते. त्या परंपरेच्या वारसांना असे वाटणे स्वाभाविक होते. जदुनाथांनाही या परंपरेची जाण होती. राजवाडे, साने, खरे आणि पारसनीस यांच्या कार्याविषयी त्यांनी स्वतंत्रपणे आणि आदराने लिहिले आहे.

या पंचेचाळीस खंडांत वसईच्या मोहिमेचे कागदही आहेत. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून साष्टी आणि वसई घेतली, त्या वेळची पत्रे त्यांत वाचावयास मिळतात. उत्तर कोकणातील कॅथलिक कुटुंबांच्या पूर्वजांनी हा रणसंग्राम आपल्या दारात पाहिला होता. तोवर या घटनेची एक बाजू पोर्तुगीज कागदांत आणि दुसरी बखरींत व पोवाड्यांत होती. आता छावणीतून त्या त्या दिवशी लिहिलेली पत्रेच पुढे आली. जदुनाथ आणि सरदेसाई यांच्या मैत्रीचे हे ऋण आपल्या समाजावरही आहे.

कुलगुरू आणि कवी

१९२६ मध्ये जदुनाथ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परीक्षांचा आणि पदव्यांचा दर्जा घसरू नये असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी विद्यापीठातील बलाढ्य गटाशी वैर पत्करले. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, ते त्या पदावरून दूर झाले. पुन्हा तेथे बसण्याची इच्छा त्यांनी धरली नाही. १९२९ मध्ये सरकारने त्यांना 'सर' ही पदवी दिली.

रवींद्रनाथ टागोरांशी त्यांचा जुना स्नेह होता. टागोरांचे बंगाली लेखन इंग्रजीत आणण्याचे काम त्यांनी हौसेने केले होते आणि कवीने आपले 'अचलायतन' हे नाटक त्यांना अर्पण केले होते. तरीही १९२२ मध्ये विश्वभारतीच्या कार्यकारी मंडळावर येण्याचे आमंत्रण आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. भावनेच्या संस्काराबरोबर काटेकोर ज्ञानाची शिस्त विद्यार्थ्यांना लागली पाहिजे, आणि ती तेथे लागेल असे आपल्याला वाटत नाही, असे त्यांनी कळवले. कवी दुखावले गेले. या वादात कोणाची बाजू खरी हे ठरवणे सोपे नाही. शांतिनिकेतनाने देशाला जे दिले ते जदुनाथांच्या मोजपट्टीत मावणारे नव्हते. परंतु जगद्विख्यात मित्राच्या भिडेपोटीही मनात नसलेला होकार द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा येथेही दिसतो.

विचार आणि त्यांच्या मर्यादा

जदुनाथांच्या इतिहासलेखनाच्या तळाशी एक ठाम विचार आहे. राज्ये बाहेरच्या शत्रूमुळे कोसळतात त्यापेक्षा आतल्या दोषांमुळे अधिक कोसळतात, असे ते मानत. औरंगजेबाचे चित्र त्यांनी एखाद्या शोकांतिकेच्या नायकासारखे रेखाटले आहे. साधी राहणी, अपार कष्ट, शौर्य, निर्व्यसनीपणा हे सारे गुण त्याच्या ठायी होते. असे असूनही प्रजेतील एका मोठ्या वर्गाला परके मानणारी राजनीती त्याने स्वीकारली आणि बापजाद्यांचे साम्राज्य पोखरून टाकले, असा जदुनाथांचा निष्कर्ष आहे. मराठी राज्याविषयीही त्यांनी हेच माप लावले. जातीजातींतील भेद मिटवून एकजीव समाज घडवण्याचा, सामान्यांना शिक्षण देण्याचा आणि लुटीऐवजी उत्पादनावर राज्य उभारण्याचा यत्न पुरेसा झाला नाही, म्हणून शिवछत्रपतींनी रोवलेले रोप पुढे हवे तसे फोफावले नाही, असे त्यांनी लिहिले. मोगलांचा दोष दाखवताना टाळ्या वाजवणाऱ्या वाचकाला पुढच्याच ग्रंथात आपला दोषही वाचावा लागतो.

नंतरच्या संशोधकांनी जदुनाथांची अनेक मते तपासली आणि काही बाजूला ठेवली. मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचे मूळ बादशहाच्या धर्मनीतीत शोधण्यापेक्षा जहागिरींची टंचाई, शेतसाऱ्याचा बोजा आणि शेतकऱ्यांचे उठाव यांत शोधले पाहिजे, असे सतीश चंद्र, इरफान हबीब आणि अतहर अली यांनी दाखवून दिले. औरंगजेबाच्या वरिष्ठ मनसबदारांत हिंदूंचे प्रमाण कारकिर्दीच्या पूर्वार्धात सुमारे २२ टक्के होते ते उत्तरार्धात सुमारे ३२ टक्क्यांवर गेले, हे अतहर अलींचे आकडे जदुनाथांच्या चित्रात सहज बसत नाहीत. इस्लामी राज्यकल्पनेविषयी त्यांनी काढलेले सरसकट निष्कर्षही आज कठोर वाटतात. प्लासीच्या लढाईनंतर मध्ययुग संपून नव्या युगाची पहाट झाली, ही त्यांची इंग्रजी राजवटीवरील श्रद्धाही स्वतंत्र भारताच्या वाचकाला पटण्यासारखी नाही. राजे आणि सरदार यांच्या स्वभावाकडे त्यांचे जितके लक्ष गेले तितके रयतेच्या जीवनाकडे गेले नाही.

मात्र त्यांच्या मतांशी वाद घालणाऱ्यांनाही त्यांनी शोधलेल्या कागदांवरच उभे राहावे लागते. पुरंदरच्या १६६५ च्या तहाचे तपशील घ्या. मिर्झाराजांचा चिटणीस उदयराज याच्या पत्रसंग्रहातून जदुनाथांनी त्या तहामागील राजकारण उलगडले. तेवीस किल्ले मोगलांना गेले आणि बारा महाराजांकडे राहिले, हे आपण शाळेत शिकतो. त्या तहामागे जयसिंगाच्या मनात काय चालले होते, हे या पत्रांमुळे कळते. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात महाराजांचा जो अपमान झाला आणि ते ज्या करारीपणाने वागले, त्याची त्या वेळी तेथे असलेल्या रजपूत कारभाऱ्यांनी लिहिलेली पत्रे जयपूर दप्तरातून जदुनाथांनी पुढे आणली. ज्यांना जदुनाथ महाराजांचे निंदक वाटत, त्यांनाही आग्र्याच्या दरबारातील महाराजांचा स्वाभिमान ठासून सांगताना याच पत्रांचा आधार घ्यावा लागतो.

अखेर

जदुनाथांचे निधन १९५८ च्या मे महिन्यात कलकत्त्यात झाले. वय सत्त्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५९ मध्ये, रियासतकार सरदेसाईंनीही इहलोकीची यात्रा संपवली. जदुनाथांचा ग्रंथसंग्रह आता कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लेक टेरेस येथील त्यांचे राहते घर पुढे समाजशास्त्रांच्या संशोधन केंद्राकडे आले आणि आज ते 'जदुनाथ भवन' या नावाने ओळखले जाते. त्यांच्या मृत्यूनंतर काही दशके विद्वानांच्या वर्तुळात त्यांचे नाव मागे पडले होते. २०१५ मध्ये दीपेश चक्रवर्ती यांनी त्यांच्या जीवनावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांच्याविषयीची चर्चा पुन्हा सुरू झाली.

आज इतिहासाच्या नावाने मोर्चे निघतात, पुस्तके जाळली जातात, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कृत्यांचा जाब आज जिवंत असलेल्या माणसांना विचारला जातो. आपल्यासारखा लहान समाज या वादळात दोन्ही बाजूंनी सापडतो. कधी पोर्तुगिजांच्या पापांचा हिशेब आपल्याकडे मागितला जातो, तर कधी आपणच आपल्या पूर्वजांच्या सोसण्याची कथा वाढवून सांगतो आणि त्यांच्या हातून घडलेल्या अन्यायाचे पान हळूच उलटतो. अशा वेळी सुरतेच्या त्या प्रकरणाची आठवण व्हावी. पाद्र्याचे घर राखणारा राजा आणि हात तोडणारी लूट, दोन्ही त्या एकाच शहरात, त्याच दिवसांत घडले. जदुनाथांनी त्यांपैकी एकही गोष्ट लपवली नाही आणि तरीही त्यांना त्या राजाविषयी आदर वाटत राहिला.

सत्य तुम्हांला बंधमुक्त करील, असे आपल्या प्रभूचे वचन आपण ऐकत आलो आहोत. ते वचन केवळ श्रद्धेच्या प्रांतापुरते नाही. आपल्या पॅरिशच्या जुन्या वह्या, बाप्तिस्म्याच्या नोंदी, आजोबांच्या पेटीतील खरेदीखते, गावच्या क्रुसावरील तारखा ही आपली इतिहाससाधनेच आहेत. ती जपावीत, ताडून पाहावीत आणि त्यांत जे असेल ते, गोड असो वा कडू, आपल्या मुलांना तसेच्या तसे सांगावे. बंगालच्या या इतिहासाचार्याने पगारातून पैसे वाचवून, मित्रांची नाराजी सोसून आणि परप्रांताचा रोष पत्करून आयुष्यभर एवढेच केले.